लांबणाऱ्या कामाच्या प्रत्येक संदेशावर वेळ असावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बँकेच्या काउंटरपलीकडे, महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात, रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीशी किंवा हातातल्या मोबाइलवर ‘काम चालू आहे, कृपया थांबा’ हा संदेश आपल्यापैकी प्रत्येकाने वाचला आहे. संगणकाचा प्रोग्रॅम एखादे लांबणारे काम करत असतो तेव्हा तो मधूनमधून असे संदेश लिहितो : ‘फाइल उघडली’, ‘५,००० नोंदी पूर्ण’, ‘बॅकअप सुरू’. त्यांतले काही पडद्यावर दिसतात आणि बरेचसे नोंदींच्या फाइलीत, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या ‘लॉग’मध्ये, जाऊन पडतात. या संदेशांत काय झाले ते असते. केव्हा झाले ते फार वेळा नसते. हे पत्र त्या एका उणिवेविषयी आहे. विषय संगणकवाल्यांचा वाटला, तरी त्याची किंमत रांगेत उभे राहणारे लोक मोजतात, म्हणून तो आपल्या दैनिकातून मांडावा असे वाटले.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात २७ वर्षे काम केले. आता निवृत्त आहे आणि आठवड्यातून दोन दिवस एका महाविद्यालयात प्रोग्रॅमिंग शिकवायला जाते. ज्या रात्रीमुळे हा विषय माझ्या मनात कायमचा बसला, ती ३० सप्टेंबर २०१० ची रात्र होती.

त्या वर्षी १ एप्रिलपासून, रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिलकेवर काढले जाऊ लागले होते. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज मिळे, म्हणजे सहामाहीसाठी प्रत्येक खात्याचे सहा आकडे पुरत. नव्या नियमाने एप्रिल ते सप्टेंबर या काळासाठी तेच आकडे १८३ झाले. खातेदारांच्या दृष्टीने हा नियम न्याय्य होता आणि मला तो मनापासून पटलेला होता. मात्र आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पुरवठादार कंपनीने त्यासाठी जो नवा प्रोग्रॅम घातला होता, तो सगळ्या खात्यांवर पहिल्यांदा चालणार होता तो त्या रात्री. आमची बचत खाती सुमारे ८६,००० होती. सगळ्या शाखांचे डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचे हिशेबाचे काम, आटोपले, बॅकअप घेतला आणि रात्री नऊ वाजता आम्ही व्याज आकारणी सुरू केली. दर हजार खात्यांनंतर पडद्यावर एक ओळ येई : ‘१००० खाती पूर्ण’, ‘२००० खाती पूर्ण’. सुरुवातीला ओळी भराभर येत होत्या. आम्ही तिघे जण निश्चिंत झालो, डबे खाल्ले, चहा झाला, पहिल्या तारखेच्या पेन्शनच्या याद्या तपासल्या.

मध्यरात्र उलटून गेल्यावर आमच्यापैकी एकाच्या लक्षात आले की पडद्यावर ‘६१००० खाती पूर्ण’ ही ओळ आहे आणि पुढची येत नाही. मी पुरवठादार कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने झोपेतून उठून पहिलाच प्रश्न योग्य विचारला : “मॅडम, शेवटचा मेसेज किती वाजता आला?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. एक सहकारी म्हणाला, अर्धा तास तरी झाला असेल. दुसरा म्हणाला, पंधरा मिनिटे. मी त्या वेळी पेन्शनच्या यादीत होते, मला काहीच सांगता येईना. पडद्यावर ६१ ओळी होत्या आणि त्यांतल्या एकीवरही वेळ नव्हती. इंजिनिअरने विचारले, त्याआधीच्या ओळी किती किती वेळाने येत होत्या? तेही कोणी पाहिले नव्हते. साहेबांनी मला विचारले, काय करायचे? मी म्हणाले, प्रोग्रॅम अडकला आहे, थांबवू या. निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता.

प्रोग्रॅम मध्येच तोडल्यावर काही खात्यांवर व्याज जमा झालेले आणि काहींवर नाही, अशी अवस्था झाली. तीतून बाहेर पडण्याचा एकच सुरक्षित मार्ग होता : नऊ वाजण्यापूर्वी घेतलेला बॅकअप परत चढवणे. त्यात सव्वातीन वाजले. ३ वाजून २० मिनिटांनी तोच प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि या वेळी मी टेबलावर वही उघडून, भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची ओढून बसले. पडद्यावर एक ओळ आली की मी वहीत तिच्यापुढे वेळ लिहायची. ८६ ओळी मी अशा पेनाने लिहिल्या. शेवटची ओळ सकाळी १० वाजून ५४ मिनिटांनी आली. ऑक्टोबरची पहिली तारीख होती, शुक्रवार होता, पेन्शनसाठी आलेली वृद्ध मंडळी प्रत्येक शाखेच्या दारात साडेनऊपासून उभी होती आणि त्यांना सांगण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

त्या वहीने मात्र सगळे सांगितले. पहिल्या हजार खात्यांना ४० सेकंद लागले होते, तिसाव्या हजाराला पावणेचार मिनिटे, एकसष्टाव्याला सात मिनिटांहून थोडी अधिक आणि शेवटच्याला जवळपास दहा मिनिटे. वाढ अगदी एका सरळ रेषेत होती. म्हणजे रात्री प्रोग्रॅम अडकलेलाच नव्हता. तो हळूहळू मंदावत चालला होता, आणि हळूहळू मंदावणारी गती बसून पाहणाऱ्यालाही कळत नाही. कोणी अर्धा तास म्हटले, कोणी पंधरा मिनिटे. पण प्रत्यक्षात साडेसात मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेलेला असणे शक्यच नव्हते, कारण तेवढ्यात बासष्टाव्या हजाराची ओळ आलीच असती. आम्ही हात लावला नसता तर पहाटे साडेचारच्या सुमारास काम आपोआप संपले असते आणि शाखा वेळेवर उघडल्या असत्या.

वहीतले आकडे मी इंजिनिअरला फॅक्स केले आणि त्याला कारण सापडायला फार वेळ लागला नाही. एखाद्या खात्यावर व्याजाची नोंद आधीच पडली आहे का, हे तपासण्यासाठी प्रोग्रॅम प्रत्येक खात्याच्या वेळी व्याजाचा तक्ता पहिल्या ओळीपासून शोधत होता, कारण त्या तक्त्याला इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, नव्हती. तक्ता जसा भरत गेला तसा प्रत्येक शोध लांबत गेला. सूची जोडल्यावर पुढच्या मार्चअखेरीला तेच काम पाऊण तासात झाले. त्या दुरुस्तीबरोबर मी आणखी एक मागणी केली होती, जी पुरवठादाराने आधी किरकोळ म्हणून बाजूला ठेवली आणि मी दोनदा लेखी आठवण दिल्यावर पूर्ण केली : प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ छापा. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत कमी श्रमाचे काम ते होते, आणि पुढच्या वर्षांत त्याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला.

आपल्या कचेऱ्यांना ही सवय नवी नाही. आवक-जावक विभागात आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का बसल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतली नोंद वेळेशिवाय होत नाही. स्टेशन मास्तर आपल्या नोंदवहीत गाडी आली असे लिहितो तेव्हा किती वाजता आली तेही लिहितो. हवामान खात्याचे पर्जन्यमापन रोज सकाळी ८:३० वाजता होते, म्हणूनच ‘२४ तासांतला पाऊस’ या शब्दांना नेमका अर्थ आहे. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच हे का सुचत नाही? माझ्या मते कारण असे की, संदेश लिहिताना तो स्वतः पडद्यासमोर बसलेला असतो. त्याच्यासाठी ‘आत्ता’ म्हणजे आत्ताच. ओळ येताना त्याला दिसते, उशीर झाला तर जाणवतो. पण तो संदेश खऱ्या अर्थाने वाचला जातो तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी, दुसऱ्याच माणसाकडून, बहुधा काहीतरी बिघडल्यानंतर. त्या वाचणाऱ्यासाठी ‘आत्ता’ शिल्लक राहिलेला नसतो.

शेवटचा संदेश केव्हाचा आहे हे न कळण्याचे परिणाम किती दूर जाऊ शकतात, याचे एक उदाहरण सर्वांना उपलब्ध असलेल्या चौकशी अहवालात आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वीज गेली आणि सुमारे ५ कोटी लोक अंधारात राहिले. त्या दुपारी ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात इशारे देणारा प्रोग्रॅम २ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास निमूटपणे बंद पडला होता. पडद्यावर नवे इशारे येत नव्हते, आणि तासाभराहून अधिक काळ तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्या शांततेचा अर्थ सारे ठीक आहे असा घेतला. ‘शेवटचा इशारा अमुक वाजताचा, यंत्रणा शेवटची तपासली गेली अमुक वाजता’ अशी एक ओळ सतत समोर असती, तर ती शांतता इतका वेळ फसवू शकली नसती असे मला वाटते. पुढे दोन्ही देशांच्या संयुक्त पथकाने घटनांचा क्रम लावायला घेतला तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली : ठिकठिकाणच्या नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती, त्यामुळे कोणती तार आधी सुटली आणि कोणती नंतर, हे ठरवण्यातच पुष्कळ श्रम गेले. नोंदयंत्रांचे घड्याळ प्रमाणवेळेशी जुळलेले असावे, ही त्या अहवालातील शिफारशींपैकी एक आहे.

आता वेळ लिहायची म्हणजे कशी लिहायची, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण अर्धवट लिहिलेली वेळ कधी कधी न लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त गोंधळ करते. ‘०३/०४/२०११’ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या संगणकावर कोणत्या देशाची मांडणी निवडली आहे यावर ठरते. नुसते ‘११:२०’ म्हणजे सकाळचे की रात्रीचे? युनिक्स या संगणकप्रणालीवरच्या यंत्रणांमध्ये १९८० च्या दशकापासून चालत आलेल्या सिस्लॉग या नोंदपद्धतीच्या जुन्या रूपात महिना, दिवस आणि वेळ असे, पण वर्ष नसे. दोन वर्षांच्या फाइली एकत्र आल्या की कोणता जानेवारी कुठला, हे ओळीवरून सांगता येत नसे. यावर उपाय कधीचाच ठरलेला आहे. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर आधारलेला इंटरनेटसाठीचा नियम आरएफसी ३३३९ या क्रमांकाने २००२ मध्ये आला, आणि सिस्लॉगच्या २००९ मधल्या नव्या नियमाने, आरएफसी ५४२४ ने, तीच मांडणी स्वीकारली. तीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे तास, मिनिटे, सेकंद आणि शेवटी जागतिक वेळेपासून आपल्या प्रमाणवेळेचा फरक येतो : २०१०-१०-०१T०३:२०:०७+०५:३० (मधला T तारीख आणि वेळ वेगळी करतो). मोठ्याकडून लहानाकडे जाणाऱ्या या मांडणीचा एक फायदा असा की, एकाच प्रमाणवेळेतल्या ओळी नुसत्या अक्षरानुक्रमे लावल्या तरी त्या काळाच्याच क्रमाने लागतात. वेळ ओळीच्या शेवटी न लिहिता सुरुवातीला लिहावी ती याचसाठी, आणि डोळ्यांना एकाखाली एक उतरत जाता यावे यासाठीही.

शेवटचा तो ‘+०५:३०’ अनेकांना अनावश्यक वाटतो. आपला देश एकाच प्रमाणवेळेवर चालतो, मग ते कशाला, असे मला विद्यार्थी विचारतात. त्यांना मी मुंबईचे उदाहरण देते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली, पण मुंबई शहराने आपली ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत पुरती सोडली नाही. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक ‘सकाळी दहा’ या शब्दांचे त्या शहरात ३९ मिनिटांच्या अंतराने दोन अर्थ होऊ शकत होते, आणि त्या काळातला एखादा कागद हाती आला की कोणते दहा हे आधी ठरवावे लागते. आज तीच अडचण दुसऱ्या वाटेने परत आली आहे. बँकेचा किंवा कार्यालयाचा सर्व्हर आता भाड्याच्या जागेत, क्लाउडवर असतो आणि त्याचे घड्याळ बहुधा जागतिक समन्वित वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, लावलेले असते. त्याच्या नोंदीत ‘३१ मार्च, २०:१०’ असे दिसले तर आपल्याकडे त्या वेळी १ एप्रिलची मध्यरात्र उलटून १ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. तारीख बदललेली असते आणि आर्थिक वर्षही बदललेले असते. हिशेब तपासनीस जेव्हा विचारतो की ही नोंद कोणत्या वर्षातली, तेव्हा त्याचे उत्तर त्या सहा अक्षरांत असते.

वेळ कोणी लावायची, हाही प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. प्रोग्रॅमला हात न लावता बाहेरून वेळ जोडता येते. लिनक्स या संगणकप्रणालीवर ‘टीएस’ नावाची एक छोटी आज्ञा मिळते, जी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे तारीख-वेळ लावून ती पुढे पाठवते. आधुनिक लिनक्समधली जर्नल यंत्रणाही सेवांच्या संदेशांवर स्वतः वेळ नोंदवते. जुन्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर हाताशी नसेल तर हा मार्ग उत्तमच आहे. पण तो वापरताना एक गोष्ट विसरता कामा नये. बाहेरचे साधन जी वेळ लावते ती ओळ त्याच्यापर्यंत पोहोचल्याची असते, लिहिली गेल्याची नसते. प्रोग्रॅमचे लेखन पडद्यावर जात असेल तर सहसा प्रत्येक ओळ लगेच बाहेर पडते. तेच फाइलीकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळवले की ते आधी स्मृतीत साठवले जाते आणि चार-आठ हजार अक्षरांचा साठा भरल्यावर एकदम सोडले जाते. आमचे त्या रात्रीचे ८६ संदेश मिळून चार हजार अक्षरेही भरली नसती. म्हणजे ते सगळेच्या सगळे काम संपल्यावर एकत्र बाहेर पडले असते आणि बाहेरच्या साधनाने ८६ ओळींवर एकच वेळ मारली असती, जी पाहून कोणीही समजले असते की हे काम क्षणात झाले. म्हणून माझा आग्रह असा की वेळ प्रोग्रॅमने स्वतः, संदेश तयार होतो त्याच क्षणी लिहावी, आणि ओळ लिहिल्याबरोबर साठा रिकामा करावा. दुसरी गोष्ट केली नाही तर पहिली असूनही फाइल तासभर रिकामी दिसेल आणि पाहणारा पुन्हा तोच निष्कर्ष काढेल जो मी काढला होता.

याहून बारीक, पण महत्त्वाची बाब दोन घड्याळांची आहे. संगणकात एक घड्याळ तारीख-वेळ सांगणारे असते. ते बाहेरच्या प्रमाणवेळेशी जुळवले जाते, त्यामुळे ते मध्येच पुढे किंवा मागेही सरकू शकते. दुसरे घड्याळ शर्यतीतल्या स्टॉपवॉचसारखे नुसते पुढे जाते. किती वाजले हे त्याला माहीत नसते, पण किती वेळ गेला हे ते चोख सांगते. लिनक्स सुरू होतानाच्या संदेशांपुढे चौकटी कंसात जे सेकंद दिसतात ते असेच, यंत्र सुरू झाल्यापासून मोजलेले असतात. घटना केव्हा घडली हे पहिल्या घड्याळावरून लिहावे आणि काम किती वेळ चालले हे दुसऱ्यावरून काढावे. हा भेद न पाळल्याने काय होते ते १ जानेवारी २०१७ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजताना, क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीला अनुभवावे लागले. त्या क्षणी जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवणारा एक जादा सेकंद, घातला गेला, तारीख-वेळेचे घड्याळ किंचित मागे गेल्यासारखे झाले, तिच्या एका प्रोग्रॅमने दोन वेळांची वजाबाकी केली तेव्हा उत्तर शून्याखाली आले आणि तो कोसळला. कंपनीने हे सर्व मोकळेपणाने प्रसिद्ध केले. तो प्रोग्रॅम ज्या गो भाषेत लिहिलेला होता, तिच्या त्याच वर्षी आलेल्या १.९ आवृत्तीत वेळेबरोबर स्टॉपवॉचचा आकडाही जपण्याची सोय झाली. आमच्यासारख्या छोट्या संस्थेत लीप सेकंदाने काही बिघडणार नाही, पण रात्री एखाद्याने सर्व्हरचे घड्याळ हाताने दुरुस्त केले तर हाच घोटाळा आमच्याकडेही होऊ शकतो, आणि तो मी झालेला पाहिला आहे.

पडद्यावर सरकणाऱ्या टक्केवारीच्या पट्टीबद्दलही एक शब्द. ‘६८ टक्के’ हा आकडा किती वेळापासून ६८ आहे, हे ती पट्टी सांगत नाही. शिवाय ती एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा लिहिली जाते, त्यामुळे फाइलीत साठवली तर तिची एक लांबलचक, निरुपयोगी ओळ होते. पडद्यासाठी पट्टी ठेवावी, फाइलीसाठी वेळेसह स्वतंत्र ओळी लिहाव्यात, आणि पट्टीशेजारीही ‘शेवटची हालचाल ००:५३:१२ वाजता’ असे दाखवावे. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला हे दिसले तर तो खिडकीअलीकडच्या माणसाला निदान खरे उत्तर देऊ शकेल.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत. फाइल मोठी होते, हे खरे. अशी वेळ २५ अक्षरांची असते, एक मोकळी जागा धरून २६, म्हणजे दहा लाख ओळींना २६ मेगाबाइट, आणि आजच्या साठवणुकीच्या मानाने ते नगण्य आहे. प्रोग्रॅम मंदावतो, हे खरे नाही. घड्याळ वाचायला सेकंदाचा लाखावा भागही लागत नाही. प्रत्येक वेळी मजकूर बदलल्याने जुन्या आणि नव्या निकालांची तुलना करून घेतलेल्या चाचण्या बिघडतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर असे की कामाचा निकाल आणि कामाची प्रगती या दोन गोष्टी वेगळ्या वाटांनी बाहेर काढाव्यात. त्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमला मूळचेच दोन निर्गम दिलेले असतात. निकाल पहिल्यावर, संदेश दुसऱ्यावर.

माझ्या वर्गात मी पाहते की मुले ‘सुरू झाले’, ‘इथपर्यंत आले’, ‘झाले’ असे संदेश लिहितात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना शिकवल्या जाणाऱ्या पायथन भाषेतली संदेश नोंदवण्याची तयार सोय काही न सांगता वापरली तर संदेशाचा दर्जा (माहिती, इशारा की चूक), नोंदणाऱ्याचे नाव आणि मजकूर छापते, वेळ छापत नाही. ती एका ओळीत मागून घ्यावी लागते, आणि मागितली तरी प्रमाणवेळेतला फरक वेगळा सांगावा लागतो. ही एक ओळ पहिल्याच सत्रात शिकवली, प्रात्यक्षिकाच्या वहीत वेळेसह संदेश असतील तरच सही दिली, तर दोन-तीन वर्षांत सवय लागेल. मी माझ्यापुरते हे सुरू केले आहे आणि इतर अध्यापकांनीही करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सरकारी बाजूने पाया घातला गेला आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि नोंदींच्या फाइली १८० दिवस जपायच्या आहेत. हे योग्यच आहे. पण घड्याळ बरोबर असून ओळीवर वेळच लिहिलेली नसेल, तर त्या फाइली १८० दिवस जपून हाती काही लागणार नाही. ही कडी खरेदी करणाऱ्यानेच जोडून घ्यायला हवी. नागरी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, नगरपालिका, विद्यापीठे यांच्या निविदांमध्ये पडद्याच्या रंगापासून प्रशिक्षणाच्या तासांपर्यंत सर्व अटी असतात. त्यांत आणखी एक अट घालावी : ‘प्रोग्रॅमने लिहिलेल्या प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला, तो संदेश तयार झाला त्या क्षणाची वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि प्रमाणवेळेतील फरक या क्रमाने नोंद असेल, आणि संदेश विनाविलंब फाइलीत लिहिला जाईल.’ सॉफ्टवेअर ताब्यात घेण्याच्या दिवशी नोंदींची फाइल उघडून मधलीच एखादी ओळ निवडावी आणि पुरवठादाराला विचारावे की हे केव्हा घडले. त्या ओळीत उत्तर नसेल तर शेवटचा हप्ता रोखून ठेवावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर